उसन्या नायकांचे प्रेम आणि वाचकाचा रुसवा

पुण्याहून नाशिककडे निघालेला रस्ता खेडचा घाट चढून वर आला, की मंचरच्या अलीकडे पेठ हे गाव लागते. पुढे मंचर, नारायणगाव आणि त्यापलीकडे शिवनेरीच्या पायथ्याचे जुन्नर, मागे खेड. नकाशावर पाहिले तर या गावाच्या एका अंगाला, भीमेच्या काठी, चास आहे आणि दुसऱ्या अंगाला पाबळ. चास हे थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नी काशीबाई यांचे माहेर. पाबळ येथे मस्तानीची कबर आहे. सकाळी निघालेल्या माणसाला ही दोन्ही ठिकाणे पाहून दिवेलागणीपर्यंत पेठेत परत येता येईल. बाजीरावांच्या आयुष्यातील दोन स्त्रियांच्या स्मृती अशा एका दिवसाच्या वाटेवर उभ्या आहेत. आणि त्या दोघींच्या नावाने जेवढे लिहिले, गायिले आणि रंगविले गेले, तेवढे मराठी इतिहासातील फार थोड्या स्त्रियांच्या वाट्याला आले असेल.

ही पात्रे लेखकांनी निर्माण केलेली नव्हेत. ती इतिहासाकडून उसनी घेतलेली आहेत. उसन्या पात्रांना आपल्या कल्पनेतले प्रेम करावयास लावणे, या लेखनप्रकाराला इंग्रजीत ‘फॅन फिक्शन’ म्हणजे चाहत्यांनी रचलेली कथा असे नाव पडले आहे. १९६७ साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी ‘स्पॉकॅनालिया’ नावाचे एक हौशी नियतकालिक काढले, तेव्हापासून या लेखनाला संघटित रूप आले असे मानले जाते. आज मराठी मुलेमुलीही मोबाइलवर असे लेखन करतात आणि वाचतात. कोणी मालिकेतील नायक-नायिकेचे लग्न पुढे नेतो, कोणी कर्ण आणि द्रौपदी यांची भेट घडवून आणतो, कोणी पेशवाईत शिरतो. या लेखनाबरोबर वाचकांच्या तक्रारीही आल्या आहेत. आणि बहुतेक तक्रारी कथेतील प्रेमप्रसंगांविषयी असतात. वरवर हा विषय किरकोळ वाटेल. वस्तुतः तो तसा नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रात याच तक्रारीपायी चित्रपटाचे खेळ बंद पडले आहेत, देखाव्यांना आगी लागल्या आहेत आणि एका नाटककाराचा पुतळा नदीत गेला आहे. तेव्हा वाचकाचा रुसवा कोठे रास्त आहे आणि कोठे तो आपली मर्यादा सोडतो, हे एकदा शांतपणे तपासून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुसऱ्याची पात्रे घेऊन प्रेमकथा रचणे हे परदेशातून आलेले फॅड आहे, असे अनेक सुशिक्षितांना वाटते. मराठीची साक्ष याच्या नेमकी उलट आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव कवी नरेंद्र याने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. १५७१ साली एकनाथांनी काशीक्षेत्री आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ पुरे केले. भागवताच्या दशमस्कंधातील काही अध्यायांची कथा या कवींनी आपल्या काळाच्या, आपल्या घराच्या आणि आपल्या भाषेच्या मापाने वाढविली. एकनाथांच्या या ग्रंथाची पारायणे उपवर मुलींनी करावीत, अशी प्रथाच पडली. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव तर तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. यात्रांचा हंगाम जवळ आला की तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी देण्यासाठी येतात. विठाबाई नारायणगावकर यांच्यासारखी कलावती याच मातीने दिली. गणानंतर येणारी गवळण म्हणजे तरी काय? कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी यांचा जो थट्टेचा संसार तमाशाने उभा केला, त्यातील मावशी भागवतात शोधून सापडणार नाही. महाभारतातील द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी क्षणभर ओढ निर्माण झाली आणि अखेर तिने ती कबूल केली, हे सांगणारे जांभूळ आख्यान लोककलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या गायिले. शाहीर विठ्ठल उमप यांनी ते शहरी रंगमंचावर आणले, तेव्हा श्रोत्यांनी त्याला दाद दिली. महाभारताची विटंबना झाली, असे रसिकांना वाटले नाही.

म्हणजे उसनवारी हा दोष नव्हे. मग वाचक चिडतो कशाने?

पहिली आणि सर्वांत रास्त तक्रार अशी, की प्रेमात पडताच नायकाचे काम संपते. बाजीराव १७२० साली पेशवे झाले आणि १७४० साली नर्मदाकाठी रावेरखेडी येथे निवर्तले. या वीस वर्षांत १७२८ चे पालखेड आहे, १७२९ ची बुंदेलखंडाची मोहीम आहे, १७३७ ची दिल्लीवरील धडक आहे. फौजेचा खर्च आणि कर्ज यांची विवंचना तर जन्मभराची आहे. छत्रसालाच्या साहाय्यास धावून गेल्यामुळेच मस्तानी त्यांच्या आयुष्यात आली. म्हणजे ती ज्या राजकारणातून आली, ते राजकारणच कथेतून काढून टाकले तर ती येणार कोठून? परंतु पुष्कळशा नव्या कथांत पेशवा सज्जात उभा राहून चंद्राकडे पाहतो आणि पुढची पंधरा प्रकरणे पाहतच राहतो. त्याच्याकडे कोणी जासूद येत नाही, कोणी सावकार येत नाही. अशा नायकाचे नाव बाजीराव असले काय आणि आणखी काही असले काय! वाचकाने ज्या माणसावर प्रेम केले तो माणूस हरवला आणि त्याचा केवळ पोशाख उरला, ही ती तक्रार आहे.

या कसोटीला उतरलेली उदाहरणे मराठीत आहेत. १९६२ साली प्रसिद्ध झालेली रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी माधवराव आणि रमाबाई यांच्या सहजीवनामुळे घरोघर पोहोचली. त्यातील माधवराव दरबारातून थकून अंतःपुरात येतात. दरबार तेथेही त्यांची पाठ सोडत नाही. क्षय तर सोडतच नाही. राज्यकर्त्याला पत्नीसाठी मिळणारा वेळ किती थोडा असतो, हे वाचकाला जाणवते, म्हणून तो थोडा वेळ मोलाचा वाटतो. प्रेम हे कर्तव्याच्या फटीतून दिसले म्हणजे अधिक खरे वाटते, हे या कादंबरीच्या लोकप्रियतेचे एक मर्म होय.

दुसरी तक्रार दुसऱ्या स्त्रीविषयी आहे. नायिकेला उंच करावयाचे तर कोणाला तरी बुटके केले पाहिजे, असा हौशी लेखकांचा समज दिसतो; आणि हा भार बहुधा पत्नीवर, मैत्रिणीवर किंवा सासूवर पडतो. मस्तानीची बाजू घेणारा लेखक काशीबाईंना एक तर कजाग करतो किंवा कोपऱ्यात बसवून रडवितो. काशीबाईंची बाजू घेणारा लेखक मस्तानीला नाचणारी मोहिनी करतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. मस्तानीला बाजीरावांपासून तोडून नजरकैदेत ठेवण्याचा उद्योग बंधू चिमाजी अप्पा आणि पुत्र नानासाहेब यांच्या हातून झाला. तो कारभारी पुरुषांचा निर्णय होता. कथेत मात्र तो दोन बायकांचा मत्सर होऊन बसतो. बाजीरावांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी मस्तानीही गेली. तिचा मुलगा समशेर बहाद्दर पेशव्यांच्या घरात वाढला, मराठी फौजेत लढला आणि १७६१ साली पानिपताच्या रणात झालेल्या जखमांनी मरण पावला. काशीबाई पतीच्या पश्चात अठरा वर्षे जगल्या. त्यांनी तीर्थयात्रा केल्या. चासचे सोमेश्वराचे मंदिर बांधविले. या अठरा वर्षांवर कथा लिहावी असे फारसे कोणाला वाटत नाही, कारण त्यांत नायक नाही. वाचक, विशेषतः वाचक स्त्रिया, या अन्यायावर बोट ठेवतात तेव्हा त्या केवळ कथेची चूक दाखवीत नसतात. दोन स्त्रिया समोरासमोर आल्या की भांडल्याच पाहिजेत, या जुन्या समजुतीलाच त्या हरकत घेत असतात.

तिसरी तक्रार रचनेची आहे. दोघांनी एकमेकांना पाहिले आणि प्रेम जमले. का जमले, ते लेखकाला ठाऊक नाही. मग प्रेमात विघ्न हवे, म्हणून गैरसमज. हा गैरसमजही असा, की दोघे पाच मिनिटे शेजारी बसून बोलले असते तर फिटला असता. परंतु फिटला तर कथा संपेल, म्हणून एकाला परगावी पाठविले जाते, पत्र चुकीच्या हाती पडते, कोणी तरी दाराआडून अर्धेच वाक्य ऐकते. दर आठवड्याला एक हप्ता टाकावयाचा असल्याने हे दाराआडचे ऐकणे वर्षभर चालते. आणि एके दिवशी लेखकाचा उत्साह संपला म्हणजे ‘क्रमशः’ या शब्दावर नायक-नायिका कायमची ताटकळत राहतात. नियतकालिकातील कादंबरीची वाट पाहण्याची सवय मराठी वाचकाला जुनी आहे. तेथे निदान संपादकाचा धाक असे. आता लेखकच संपादक असल्याने धाक राहिला तो फक्त वाचकाच्या नाराजीचा.

चौथी तक्रार भाषेची. अठराव्या शतकातील स्त्री विसाव्या शतकातील चित्रपटगीताच्या भाषेत बोलते, किंवा लेखक दक्ष असला तर प्रत्येक वाक्याला ‘जी’, ‘स्वारी’ आणि ‘आज्ञा’ लावून ऐतिहासिकपणाचा मुलामा देतो. दोन्ही सारखेच कृत्रिम. जुन्या पत्रव्यवहारातील मराठी रांगडे, नेमके आणि व्यवहारी आहे. त्यात मायेचा शब्द थोडा येतो, पण येतो तेव्हा वजनाने येतो. संभाजीराजांच्या पत्नी येसूबाई यांच्या नावाची मुद्रा ‘श्री सखी राज्ञी जयति’ अशी आहे. राज्यकारभाराच्या मुद्रेवर पत्नीसाठी ‘सखी’ हा शब्द यावा, यात जेवढे प्रेम आहे तेवढे दहा पानांच्या संवादांत क्वचितच आढळेल.

पाचवी तक्रार मात्र भाषेची किंवा रचनेची नाही. ती नीतीची आहे, आणि शिक्षकांनी व पालकांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. अनेक लोकप्रिय कथांत नायक नायिकेचा पाठलाग करतो, तिचा नकार कानाआड करतो, तिला धमकावतो, प्रसंगी बळाने लग्न लावतो. आणि पुढे लेखक सांगतो, की तिच्या मनात प्रथमपासून तेच होते. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी अशा पन्नास कथा वाचते, तेव्हा मत्सर म्हणजे माया आणि दडपण म्हणजे काळजी, असा हिशेब तिच्या मनात नकळत पक्का होतो. तिच्या वर्गातील मुलगा त्याच कथा वाचून नकार हा होकाराचाच एक प्रकार असल्याचे शिकतो. याला परंपरेचा दाखला देणारे लोक आहेत. कृष्णाने रुक्मिणीचे हरणच केले ना, असे ते विचारतात. या प्रश्नाचे उत्तर एकनाथांच्या घरोघर वाचल्या जाणाऱ्या ग्रंथातच आहे. हरणापूर्वी पत्र आहे. ते रुक्मिणीने स्वतः लिहिले आहे. कोठे यावे, केव्हा यावे, हे तिने ठरविले आहे. विरोध आहे तो तिच्या भावाचा. रथ आला तो तिच्या बोलावण्यावरून. पत्र काढून टाका आणि रथ तेवढा ठेवा, म्हणजे प्रेमकथा उरत नाही; तो गुन्हा ठरतो. नव्या कथाकारांना परंपरा हवी असेल, तर त्यांनी ती पत्रासकट घ्यावी.

येथपर्यंत वाचकाची बाजू बळकट आहे. परंतु वाचकाच्या प्रत्येक रुसव्याला न्यायाचे तेज असते, असे नाही. काही तक्रारी तपासल्या तर त्यांच्या तळाशी हट्ट सापडतो. आपल्या मनातील जोडीचे लग्न लागले नाही, एवढाच पुष्कळदा कथेचा अपराध असतो. अमेरिकन लेखिका लुइसा मे अल्कॉट हिच्या ‘लिटल विमेन’चा पहिला भाग १८६८ साली निघाला, तेव्हा जो या मुलीने शेजारच्या लॉरीशीच लग्न करावे, असा आग्रह धरणारी पत्रे तिला येऊ लागली. तिने दुसऱ्या भागात जोचे लग्न लावले, पण लॉरीशी नव्हे. एका प्रौढ, अव्यवस्थित प्राध्यापकाशी. मंचरशी ज्यांच्या घराण्याचे नाते होते त्या शांता शेळके यांनी ‘चौघीजणी’ या नावाने ही कथा मराठीत आणली, आणि मराठी मुलींच्या कित्येक पिढ्या त्या लग्नावर रुसल्या. तरीही पुस्तक पुन्हा पुन्हा वाचले गेले. रुसवा असूनही वाचले जाणे हीच त्या पात्राच्या जिवंतपणाची खूण आहे. उलट शेरलॉक होम्सचे नाटक रचणाऱ्या विल्यम जिलेट या नटाने नायकाचे लग्न लावण्याची परवानगी मागितली, तेव्हा कॉनन डॉइल यांनी लग्न लावा, नाही तर ठार करा, काहीही करा, अशा अर्थाचे उत्तर दिले, असे सांगतात. एक लेखिका वाचकांपुढे वाकली नाही; दुसऱ्या लेखकाने पात्रच दुसऱ्याच्या हवाली केले. दोघांचीही पात्रे टिकली. तेव्हा वाचकाला रुसण्याचा अधिकार आहे. आपल्या रुसव्याप्रमाणे कथा बदलून मागण्याचा नाही.

याहून खोल एक गोष्ट आहे. कित्येकदा पात्राशी विसंगत, अशी तक्रार केली जाते आणि प्रत्यक्षात खुपत असते ते वेगळेच. मस्तानीविषयीच्या नाराजीत हे विशेष दिसते. काशीबाईंना पडद्यावर नाचविले याचा राग समजण्यासारखा आहे. पण एका मुसलमान आईची मुलगी पेशव्यांच्या वाड्यात राहिली आणि तिच्या मुलाने मराठ्यांसाठी प्राण दिले, ही गोष्टच मुळात सांगू नये असे ज्यांना वाटते, त्यांची तक्रार कथेच्या दोषाविषयी नसते. ती इतिहासाविषयीच असते. त्यांचे भांडण लेखकाशी नाही; ते बाजीरावांशी आहे, आणि बाजीराव उत्तर देण्यास येऊ शकत नाहीत. वाचकाने आपली तक्रार मांडण्यापूर्वी ती या दोहोंपैकी कोणती आहे, हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरविले पाहिजे.

आता प्रश्न येतो तो तक्रारीच्या पद्धतीचा. ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ ही कादंबरी १९७२ साली आली. ती वाचली गेली, तिच्यावर वाद झाले. पण ते कागदावर झाले. तिच्यावर आधारलेला ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट १८ डिसेंबर २०१५ रोजी प्रदर्शित झाला. त्यातील ‘पिंगा’ या गाण्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात म्हणून पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला, तो त्यांचा हक्कच होता. परंतु पहिल्याच दिवशी पुण्यातील एका चित्रपटगृहाला निदर्शनांमुळे खेळ रद्द करावे लागले. २०१७ साली कोल्हापूर परिसरात ‘पद्मावत’ या चित्रपटाचा उभारलेला देखावा जाळण्यात आला. राणी पद्मिनी आणि अल्लाउद्दीन यांचा प्रेमप्रसंग चित्रपटात असल्याची वदंता, हे त्या संतापाचे एक कारण होते. तो चित्रपट तोवर कोणी पाहिलेलाच नव्हता. तो पुरा होऊन प्रदर्शित झाला २०१८ साली, आणि तसा प्रसंग त्यात नव्हता. न वाचलेल्या पानावरील तक्रारीचा याहून बोलका नमुना मिळणे कठीण. २०२५ च्या जानेवारीत ‘छावा’ या चित्रपटातील संभाजीराजे आणि येसूबाई लेझीम खेळतानाचे दृश्य आक्षेपांनंतर दिग्दर्शकाने काढून टाकले. येथे निदान जाळपोळ न होता चर्चेने निर्णय झाला. पण दृश्य काढणे एवढाच त्या तक्रारीचा शेवट व्हावा, ही खंत उरतेच. १६८९ साली पती शत्रूच्या हाती पडल्यावर राजारामांनी रायगडाबाहेर पडावे असा धीराचा सल्ला देणारी, स्वतः मुलासह कैद पत्करणारी आणि १७१९ साली, तीस वर्षांनी, स्वराज्यात परतणारी येसूबाई कोणी अधिक विस्ताराने दाखवा, अशी मागणी त्या गदारोळात फारशी ऐकू आली नाही. लेझीम खुपले, तीस वर्षे आठवली नाहीत.

सर्वांत विषण्ण करणारे उदाहरण राम गणेश गडकरी यांचे. ‘राजसंन्यास’ हे त्यांचे नाटक अपुरे राहिले आणि १९१९ साली ते निवर्तले. त्यातील संभाजीराजांचे, विशेषतः त्यांच्या प्रेमप्रकरणाचे, चित्रण इतिहासाला धरून नाही, ही टीका रास्त आहे. बखरींतील आणि ऐकीव कथांतील बदनामीला नाटकांनी व कादंबऱ्यांनी बळ दिले, ही गोष्ट खरी. कल्पित प्रेमप्रकरण एका राजाची कीर्ती किती काळ झाकोळून टाकू शकते, याचा हा मोठा पुरावा आहे. म्हणून उसन्या पात्रांशी खेळणाऱ्या प्रत्येक लेखकाने तो ध्यानात ठेवावा. परंतु या चुकीला दोन उत्तरे मिळाली. एक उत्तर वा. सी. बेंद्रे यांचे. त्यांनी सुमारे चार दशके कागदपत्रे धुंडाळली आणि १९६० साली संभाजीराजांचे साधार चरित्र प्रसिद्ध केले. पुढे १९७१ साली कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा ग्रंथ आला. या संशोधनाने संभाजीराजांवरील काजळी पुसली गेली. दुसरे उत्तर ३ जानेवारी २०१७ च्या पहाटे दिले गेले. पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठा नदीत टाकण्यात आला. पहिल्या उत्तराने एक खोटे कायमचे मागे पडले. दुसऱ्याने ‘राजसंन्यास’मधील एकही ओळ बदलली नाही, उलट ज्यांनी ते नाटक कधी वाचले नव्हते त्यांनाही ते ठाऊक झाले.

मग करावयाचे काय? लेखकापुरते सांगावयाचे, तर एक जुना आणि साधा शिष्टाचार पुरेसा आहे. वि. स. खांडेकर यांनी ‘ययाति’ लिहिताना महाभारतातील कच पुन्हा कथेत आणला, त्याला नवी भूमिका दिली. आणि आपण मूळ कथेशी किती मोकळीक घेतली आहे, हे वाचकांपासून लपविले नाही. खरे कोठे संपते आणि कल्पित कोठे सुरू होते, याची दोन ओळींची कबुली दिल्याने कथेची गोडी कमी होत नाही. मोबाइलवर लिहिणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलालाही ती देता येईल. जी माणसे खरोखर होऊन गेली, ज्यांची कबर आणि देऊळ अजून पाहता येते, त्यांच्याविषयी लिहिताना तर ती देणे हे कर्तव्यच आहे.

वाचकापुरते सांगावयाचे, तर तक्रार पान वाचून करावी, नेमक्या ओळीवर बोट ठेवून करावी आणि आपल्या नावाने करावी. ‘आवडले नाही’ हा शेरा आहे. ‘या प्रसंगी हा माणूस असे वागणार नाही, कारण तीन प्रकरणांपूर्वी तो असे वागला होता’ ही समीक्षा आहे. शेऱ्यापासून समीक्षेपर्यंतचे हे अंतर पार करावयास विद्यार्थ्यांना शिकविणे, हे भाषेच्या शिक्षकाचे काम आहे. आणि सुदैवाने त्यासाठी लागणारी सामग्री विद्यार्थी स्वतःच खिशात घेऊन वर्गात येतो. आंबेगाव-जुन्नरच्या एखाद्या शाळेत नववीच्या मुलांना चास आणि पाबळ येथे एका दिवसाच्या सहलीला न्यावे. परत आल्यावर निम्म्यांना काशीबाईंच्या आणि निम्म्यांना मस्तानीच्या बाजूने एक प्रसंग लिहावयास सांगावा, आणि मग वह्यांची अदलाबदल करून तक्रारी लिहावयास सांगाव्यात. अट एकच असावी : जिच्या बाजूने लिहिले तिला मोठे करण्यासाठी दुसरीला लहान करावयाचे नाही. ही अट पाळणे किती अवघड आहे, हे ज्या मुलाला एकदा कळले, तो पुढे कोणाचा पुतळा उखडावयास जाणार नाही आणि कोणा मुलीचा नकार कथेतसुद्धा होकार म्हणून खपवून घेणार नाही.

चासच्या देवळात आणि पाबळच्या कबरीपाशी आज जाणाऱ्याला तेथे कोणतीही प्रेमकथा लिहिलेली आढळत नाही. त्या दोघींनी आपल्या मनाची हकीकत लिहून ठेवलेली नाही. ती जागा कोरी आहे म्हणूनच लेखकांना तेथे लिहावेसे वाटते, आणि ती दुसऱ्याची आहे म्हणूनच वाचकाने तेथे जागता पहारा द्यावयाचा असतो. पहारा द्यावा, पण हातात दगड नको, पुस्तक असावे.